लेपाची आतली बाजू

— नाही शहाजीराव, लेपाचा तुकडा परत मिळणार नाही. चौकशी समितीकडे माझा अहवाल जाईपर्यंत तो गिंडीतल्या या प्रयोगशाळेतच राहील. तुमच्या साहेबांना तसं कळवा. फिल्टर कापी घ्या, निवतेय. — घाई? खाणीचं छत कोसळून तुमचा अभियंता गेला, तेव्हा नव्हती वाटतं कुणाला.

बघायचाय? बघा, हात मात्र लावू नका. हा लेप खाणीच्या छतावर फवारतात, रंगासारखा — वाळला की कातडीसारखा खडकाला धरून राहतो, सुटे दगड पडू देत नाही. अट एकच: खडक आधी धुतलेला हवा. धुतला होता? तुमचे कागद म्हणतात, होता. मग ही आतली बाजू पिठूळ का? धूळ आहे ती. लेप धुळीला चिकटला, खडकाला नाही — आणि धूळ कुणाला धरणार?

आता मधोमध पाहा. इथे धूळ नाही, खडकाचे कपचे लेपाबरोबर उखडून आलेत. म्हणजे इथे पकड पक्की होती. का? कारण फवारण्याआधी कुणीतरी इथे तळवा टेकवला, तेवढी धूळ पुसली गेली. हो, हातच — जणू पलीकडून कुणी उजवा तळहात टेकवून उभं आहे. कागद काही म्हणोत, साहेब आता म्हणतात, न धुता फवारायला त्या अभियंत्यानेच सांगितलं. या ठशाने ते खोटं ठरत नाही, खरंही ठरत नाही. त्याने धूळ चाचपली, एवढंच. — त्याचाच हात कशावरून? अहो, ही करंगळी पाहा ना, आत वळलेली! फाटकात चिरडली होती, चार वर्षांचा होता, आईकडे गेला नाही, रडत माझ्याकडेच —

हो. पुष्कर माझा धाकटा भाऊ. माझं आडनाव सासरचं, म्हणून तुम्हाला कळलं नाही. रोज सकाळी, कुणी यायच्या आत, मी या ठशावर माझा हात — ते असू द्या.

हे तुम्ही साहेबांना सांगणार. सांगायलाच हवं. बहिणीचा अहवाल कोण मानेल? मीसुद्धा मानला नसता. रंजनी, पेटी आण. तुकडा यांच्यादेखत मोहोरबंद कर, दुसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवायचाय. मला जे दिसलं ते त्यांनाही दिसेल — दिसायला हवं. धूळ काही माझी नातलग नाही.

नको, काही बोलू नका. निघा तुम्ही.