पाणथळावरचा मंडप

अगं, लग्नानंतरचं माझं पहिलं फिरणं म्हणजे भोपाळजवळचा चिखल! शेतकऱ्यांनी आपल्या रानातली पाणथळ राखावी, म्हणून नवरा गावोगाव हिंडतो; एका रविवारी मलाही नेलं.

तिथले काकाजी मुलीच्या लग्नासाठी पाणथळ बुजवणार होते. नवऱ्याने परोपरीने सांगून पाहिलं.

काकाजी माझ्याकडे वळले, "बहू, तुम बताओ, मंडप कहाँ लगाऊँ?"

मी हळूच सांगितलं, "भंडाऱ्याला आमच्या घरामागचं बदकांचं तळं असंच बुजवलं. त्याच जागी माझं लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी सवयीनं मागे पाहिलं, तर पाण्याऐवजी खुर्च्या."

 दारातून त्यांची मुलगी म्हणाली, "पापा, मंडप सड़क पर लगा लो."

लग्नाला गेलो. रस्त्यावरच्या पंगतीत बदकं ऐकू आली. पुरी हातातच राहिली. मी तेवढ्यात माहेरी जाऊन आले.