अकरा आकाराम

(कृष्णाकाठच्या एका गावातलं माजी सैनिक संघटनेचं ऑफिस. संगणकाच्या दुरुस्तीसाठी सांगलीहून आलेली सोनम संगणकापुढे बसलीय. संघटनेचे सचिव, निवृत्त सुभेदार आकाराम घाडगे, तिच्या शेजारी सावधान उभे.)

सोनम : दहा फायली उडवल्या? सुभेदारकाका, कुणाला विचारून?

सुभेदार : तुलाच. फोनवर काय म्हणालीस? डिस्क भरलीया, एकच फाईल दोन-दोनदा असंल तर एक ठिवा, बाकीच्या काढा. ऑर्डर म्हंजे ऑर्डर. आकाराम घाडगे नावाच्या अकरा हुत्या. एक ठिवली.

सोनम : अहो, ती अकरा वेगवेगळी माणसं आहेत!

सुभेदार : त्ये काढल्यावर ध्यानात आलं. आमच्या गावच्या वस्तादाचं नाव आकाराम. त्यो कुस्तीचं मैदान मारून आला की त्या साली जन्मलेलं पोरगं आकाराम. आन् अर्धं गाव घाडगे.

सोनम : तुमचंही नाव तेच ना?

सुभेदार : तर! माझीबी गेली.

सोनम : मग ठेवली कुणाची?

सुभेदार : सगळ्यात वर हुती ती. म्हटलं सीनियर असंल. बगतो तर वरच्या आळीचा हवालदार. सोळा वर्सं माझ्याशी बोलत न्हाई त्यो.

सोनम : आणि जागा किती मोकळी झाली?

सुभेदार : कायबी न्हाई. तांबडा दिवा हाय तसाच.

सोनम : होणार कशी? चार कागदांच्या फायली त्या. डिस्क भरलीय ह्यानं. वाचा. ‘राजवर्धन शुभविवाह, ड्रोन’. एकदा नाही, तीनदा!

सुभेदार : पोराचं लगीन हाय त्ये. आन् नावं कुटं सारखी हायत? एक ‘फायनल’, एक ‘फायनल नवं’, एक ‘फायनल खरं’. मग ती कशी काढायची?

सोनम : बरं, घाबरू नका. आतल्या खोलीतल्या बॅकअप सर्व्हरवर प्रत असेल. थांबा... अरे देवा. इथंही नाहीत.

सुभेदार : मग त्यो काय शोभेला ठिवलाय?

सोनम : तो रोज इकडचं तिकडं जसंच्या तसं उतरवतो. इकडं पुसलं की तिकडंही पुसलं. तुम्ही मिशी काढलीत तर आरशातल्या सुभेदाराची राहील का?

सुभेदार : मिशीपतुर जाऊ नगंस.

सोनम : म्हणून तर मागच्या तीस दिवसांच्या जुन्या प्रती वेगळ्या ठेवायला सांगितल्या होत्या. त्या कुठं आहेत?

सुभेदार : जुन्या तारखेच्या हुत्या. काढल्या.

सोनम : का पण?

सुभेदार : औषधाची तारीख गेली की टाकतो का न्हाई आपण?

सोनम : धन्य आहे तुमची! आता सगळ्यांकडून मूळ कागद गोळा करा. परत स्कॅन करू.

सुभेदार : नवांचं आणतो. पर धोंडुबाईचं कुटनं आणू? तिचा मालक, त्योबी आकाराम घाडगे. पुरात तिचं घर गेलं, कागद गेलं, भिंतीवरचा फोटोबी गेला. पुराच्या आदी आपण स्कॅन केलं म्हणून त्या फायलीत त्याचं त्वांड तेवढं राहिलं हुतं. उद्या तिच्या नातीची हळद. पाटावर ठिवायला फोटो न्यायला सकाळीच येणार हाय म्हातारी. कारगिलला उभा ऱ्हायलो गं, पर उद्या तिच्यापुढं उभं ऱ्हायचं म्हंजे... मला लय भ्या वाटतंया, पोरी.

सोनम : काका, घरी ठेवायच्या डिस्कचं काय? दोन दिल्या होत्या. एक मशीनला, तिच्यावरूनही आता फायली गेल्यात; एक घरी, दर महिन्याला अदलाबदल.

सुभेदार : घरचीला दसऱ्यापासनं हात लावल्याला न्हाई.

सोनम : दोन महिने? का?

सुभेदार : तुझ्या काकूकडं मागायची हिंमत झाली न्हाई. ती बग, च्या घिऊन आलीच. तूच माग.

सुलाबाई : आवं, त्वांड का पाडलंय? कोण गेलं का काय?

सोनम : काकू, एक काळी डबी आहे ना तुमच्या घरी? एवढीशी?

सुलाबाई : हाय की. देव्हाऱ्यात.

सोनम : देव्हाऱ्यात!

सुलाबाई : खंडेनवमीला पुजली. ह्येच म्हणालं हुतं, सगळ्या फौजेचं कागद हायत त्यात. मग त्ये शस्त्रच झालं की. विळा, कुऱ्हाड, ह्यांचा पट्टा आन् ती डबी, एका वळीत मांडलं.

सोनम : मग परत का नाही दिलीत?

सुलाबाई : हितं कशाला द्यायची? ह्ये मशिनीवर च्याचा कप ठिवत्यात. आताबी बग.

सुभेदार : उचलला, उचलला.

सोनम : पण हळद-कुंकू आत गेलं असेल तर संपलंच सगळं.

सुलाबाई : पिशवीत घालून पुजलीया. मी काय येडी हाय व्हय? थांबा, घर पलीकडंच हाय, आले घिऊन.

सुभेदार : सिद्धनाथा, ह्या डावाला सांभाळ रं बाबा.

सुलाबाई : घे. आदी पाया पड.

सोनम : पडले. लावते हं... दिवा लागला. उघडतेय... काका! अकराच्या अकरा!

सुभेदार : धोंडुबाईचा काढ आदी.

सोनम : कुठला? सगळ्यांचं नाव एकच. हा?

सुलाबाई : न्हाई, त्यो मनुबाईचा. फुडं... ह्यो, ह्यो! टोपी बग की, कशी तिरकी. धोंडुबाई सांगायची, सायेब वरडून वरडून दमला पर ह्यांची टोपी काय सरळ झाली न्हाई.

सुभेदार : ह्योच. पुसला हुता रं गड्या तुला मी. माफ कर.

सोनम : रडताय काय काका? आता कामाचं बोला. लग्नाचं ‘फायनल’ एकच राहील. आणि ह्या फायलींची नावं बदलायची. प्रत्येकाचा फौजेतला नंबर लिहूया?

सुलाबाई : नंबर कुणाच्या ध्यानात ऱ्हातोय? बायकांची नावं लाव. गावात तसंच वळखत्यात. ह्यो धोंडुबाईचा. त्यो मनुबाईचा...

सोनम : हं, दहा झाले. हा शेवटचा, मिशीवाला. हा कुणाचा?

सुलाबाई : त्यो न्हवं का... आमचा.

सोनम : ‘आमचा’ काय लिहू काकू? नीट नाव सांगा.

सुलाबाई : अगं, मालकाचं नाव कसं घिऊ? लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच.

सोनम : नाव नसलं तर परत कुणीतरी जादाची म्हणून उडवेल.

सुलाबाई : व्हय? मग लिव्ह. सुलाबाईचा आकाराम. घेतलं बाई नाव. आता पुसू नगा.