पट्टीवरचं एकशे एकोणसत्तर

फेरतपासणीच्या खिडकीसमोर एक सुतार आणि त्याची दहावीतली मुलगी उभी होती. त्यांच्या मागची मुलगी आपला अर्ज धरून आधी नुसती कान देऊन होती. मग तिचा आ वासलेलाच राहिला.

“काटकोनाच्या बाजू पाच आणि बारा इंच. कर्ण किती लिहिलास?”

“एकशे एकोणसत्तर.”

“बरोबर आहे की.”

“बाबा, तेरा लिहायचं होतं.”

“तेराच्या खुणेवर एकशे एकोणसत्तरच असतं ना?”

“तुमच्या पट्टीवर. दुकानातल्या पट्टीवर नुसतं तेरा असतं.”

“म्हणजे सगळ्या जगाची पट्टी वेगळी?”

“मला कालच कळलं. दोन गुणांनी नापास झाले तेव्हा.”

“अगं, याच पट्टीवर तुला आकडे शिकवले. मीच घात केला की तुझा.”

“गप्प बसा हो. वर्गमूळ लागतच नाही म्हणून मीच वर्गात मिरवत होते.”

खिडकीतल्या बाईंनी उत्तरपत्रिका पाहिली.

“काका, उत्तर चुकलंय. गुण कसे वाढतील?”

“बाई, ही पट्टी धरा. टोकापासून एकशे एकोणसत्तरपर्यंत इंच मोजा.”

“...अकरा, बारा, तेरा. अहो, ही केली कुणी?”

“मीच. मला मूळ काढता येत नाही, म्हणून प्रत्येक इंचावर त्याचा वर्ग लिहिला. दोन वर्गांची बेरीज केली की थेट खूण सापडते. आजवर एक चौकट वाकडी निघाली नाही.”

बाईंनी पट्टी उलटसुलट केली आणि साहेबांच्या दाराकडे पाहिलं.

“अर्जाला पट्टी जोडलेली चालते का, विचारून येते.”

“परत मिळेल ना? दुपारी दार बसवायचंय.”