पाचशे माणसांचा स्वयंपाक

—चारशेत कसं भागेल, आचारीभाऊ? पाचशे धरा. आमच्याकडे लग्नादिवशी गावात एकाही घरी चूल पेटत नाही, सगळे मांडवातच जेवतात—आणि वर नावंही तेच ठेवतात! सरपंचांकडे गोड कमी पडलं, त्याला तीन वर्षं झाली, लोक अजून बोलतात—म्हणून म्हणते, हात सैल सोडा. नवरीची आई मी, ऐकावं मलाच लागेल. नवरी ना? आत आहे. रडून रडून डोळे सुजलेत—रडतातच हो मुली, आपण नव्हतो का रडलो? म्हणजे मी. तुम्ही कशाला रडाल! पण हिनं आठवडाभर एकच धोशा लावलाय—आई, त्या घराची नीट चौकशी कर. केली की! शेती किती, गुरं किती, मुलगा एकुलता एक—आणखी काय विचारायचं असतं? काल म्हणाली, मी लग्नाला उभीच राहणार नाही. मग बसली एक माझ्या हातची. लग्नाच्या मुलीवर हात उचलला मी—जाऊ दे, तुम्हाला काय सांगत बसले.

तर वऱ्हाड साठ माणसांचं. नदीपलीकडचे, पिठाच्या गिरणीवाले—ओळखता? वा! त्यांच्याकडचं लग्नाचं जेवण तुम्हीच केलंत? कधी?—गेल्या वर्षी? कुणाचं लग्न हो? पुतण्याचं असेल. नाही? भाच्याचं... कपाळावर खूण आहे, डाव्या बाजूला—हो. हो, तोच, आमचा नवरामुलगा.

मग ती कुठंय, पहिली? चार महिन्यांत माहेरी? आणि हात मोडून गळ्यात बांधलेला—हे कुणी सांगितलं तुम्हाला? तुम्हीच पाहिलंत?

थांबा, मला बसू द्या जरा. हळू बोला. हळू! मांडव उभा आहे, पाहुणे उतरलेत, उद्या सगळं गाव उपाशीपोटी माझ्या दारात येणार—कुठे तोंड लपवू मी? हे बघा, तुमची काहीतरी चूक होतेय. होतेयच. वऱ्हाड आलं की तुम्ही चुलाण सोडून बाहेर यायचं नाही, त्यांच्यातल्या कुणी तुम्हाला ओळखता कामा नये. हे तुमच्या-माझ्यात राहील. माझ्या लेकीच्या कानावर यातला एक शब्द—

कधीपासून उभी आहेस गं तू दारात?