कडेचा अंगठा

वडील जाऊन महिना झाला होता. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात, त्यामुळे घरातल्या फोटोंत ते सोडून सगळं जग होतं. त्यांचा शेवटचा रोल धुऊन घ्यायला ती फोटोच्या दुकानात बसली होती. काउंटरपाशी एक म्हातारं जोडपं सहलीचे फोटो बघत होतं.

"हे बघ घंटाघर."

"घंटाघर कुठंय? तुमचा अंगठा दिसतोय."

"कडेला आलाय जरासा."

"राजवाड्यावर अंगठा, पुलावर अंगठा! शहर बघायला गेला होतात की नावावर करून घ्यायला?"

"तराजूत झोपलेलं मांजर बघ, किती छान आलंय."

"हो, शेपटाच्या जागी अंगठा!"

"मग तू काढायचेस फोटो."

"दिलात कधी कॅमेरा हातात?"

दुकानदार मध्ये पडला. "आजी, अंगठे छाटून प्रिंट पुन्हा काढून देऊ?"

"नको रे बाबा. आठ दिवस हिंडलो, त्यात यांचं एवढंच काय ते फोटोत आलंय."

दुकानदार हसत तिच्याकडे वळला. "ताई, तुमच्याही रोलमध्ये कडेला अंगठा आहे. छाटू ना?"

"नको," ती म्हणाली. "ज्यात सगळ्यात जास्त आलाय, तो फोटो मोठा करून द्या. फ्रेमसकट."