गडगडाटाचा खिळा

एदुविहेस : खुर्ची राहू दे, फेर्मीन. बसायला आलेली नाही मी. अंडी उबवायची पेटी हवीय, आत्ताच्या आत्ता.

फेर्मीन : पण काकू, तुमची कोंबडी बसली होती ना अंड्यांवर?

एदुविहेस : होती. पहाटे मुंगसानं मान फोडली तिची. अंडी तेवढी राहिली. ही बघ, पोटाशी धरून आणलीत.

यामिल्का : कुठली कोंबडी, ती तांबडी? योस्वानीची?

एदुविहेस : त्याचीच. नातू गेला, आता त्याची कोंबडीही गेली. एवढंच उरलंय त्याचं.

यामिल्का : शेजारीपाजारी कुणाची खुडूक कोंबडी नाही का, आजी?

एदुविहेस : नदीपर्यंत सगळी दारं पालथी घातली, पोरी. एक जरी मिळाली असती, तर तुझ्या बापाचं तोंड बघायला आले असते होय मी?

फेर्मीन : द्या इकडे. बॅटरीसमोर धरून बघतो. हे जिवंत आहे. हेही. शिरा दिसतायत, बघा. हे मात्र गेलं, काकू.

एदुविहेस : बाजूला काढू नकोस. असू दे त्यांच्यातच.

फेर्मीन : सडलं तर बाकीची नासतील.

एदुविहेस : मग काढ. तुझ्या हातून गेलेल्यांत आणखी एक. आता सांग, भरवशाची पेटी कुठली? आणि भरवसा हा शब्द तुला शोभत नाही, हे मला माहीत आहे.

यामिल्का : आजी, असं नका बोलू बाबांना.

फेर्मीन : बोलू दे. काकू, ही फ्रीजची बघा. जुना रशियन फ्रीज आहे, दार घट्ट बसतं. आत दोन दिवे आणि एक पंखा. वीज गेली तरी अर्धा दिवस ऊब धरते. आणि आपल्याकडे वीज जास्त वेळ गेलेलीच असते.

एदुविहेस : पलीकडच्या मारिसोलकडे अशीच आहे, तूच दिलेली. तिचं एकही अंडं वाया गेलं नाही म्हणे.

फेर्मीन : खरं आहे. माझ्याकडे हीच सगळ्यात चांगली. न्या.

एदुविहेस : तारा नीट बघितल्यास? का मागच्यासारखं?

फेर्मीन : बघितल्यात.

एदुविहेस : मागच्या वेळीही हेच म्हणाला होतास. पिल्लं फुटायच्या आधी कवचातून चिवचिवतात, ते ऐकायचं म्हणून पोरानं खाट पेटीला लावली होती. मी परसात होते, निखाऱ्यावर कॉफी ठेवली होती. वळून बघितलं, तर खिडकीतून धूर. पडदा पेटला, मग खाट. आठ वर्षांचं पोर, फेर्मीन.

फेर्मीन : हो, काकू.

एदुविहेस : हो काय? बरं, खिळा कुठे ठेवायचा हिच्यात? खालच्या फळीवर राहील का?

फेर्मीन : कसला खिळा?

एदुविहेस : गडगडाटाचा. हे वादळाचे दिवस. ढग गरजला की कवचातला जीव जागच्या जागी मरतो. लोखंड जवळ हवं. कोंबडीखाली गवतात असायचाच. माझी आई ठेवायची, तिची आई ठेवायची.

यामिल्का : आजी, तो खिळा...

फेर्मीन : यामिल्का, चुलीवर पाणी ठेव. मोठं पातेलं.

यामिल्का : बाबा, निदान एकदा तरी...

फेर्मीन : पाणी ठेव म्हटलं ना. काकू, ही पेटी राहू दे. ती कोपऱ्यातली लाकडी न्या.

एदुविहेस : ती? तिच्यात तर दिवासुद्धा नाही.

फेर्मीन : पत्र्याची टाकी आहे वर. तिच्यात गरम पाणी भरायचं. चारी बाजूंनी भुसा ठासलाय. तार नाही, दिवा नाही, वीज नको. फक्त पाणी निवलं की बदलायचं. माझा बाप अशाच पेट्या करायचा.

एदुविहेस : आत्ता तर म्हणालास, फ्रीजवाली सगळ्यात चांगली. मी म्हातारी, दर दोन-तीन तासांनी पाण्याची पातेली उचलू? का रे? मला चांगली द्यायला हात धजत नाही तुझा?

फेर्मीन : माझ्या हाताचाच भरवसा नाही मला, काकू. तारेचं काम मी आता कुणाच्या घरात देत नाही.

एदुविहेस : मारिसोलला दिलंस ते?

फेर्मीन : ते आधीचं.

एदुविहेस : कबूल केलंस तर एकदाचं. बरं झालं. इतके दिवस वाट बघत होते मी, तू तोंडानं म्हणावंस म्हणून.

फेर्मीन : पाणी आण गं. आणि काकू, खिळा असेल तर माझ्याकडे द्या.

एदुविहेस : हा घे. तुला कशाला?

फेर्मीन : पेटीच्या बुडाला बाहेरून ठोकून देतो. म्हणजे हलणार नाही, पडणार नाही.

एदुविहेस : हं. मागच्या वेळी मी नुसता आत ठेवला होता, दिव्याच्या बुडाशी. सुटाच. पण गडगडाटानं एकही अंडं गेलं नाही हो. सगळी जिवंत होती. गेली ती तुझ्या तारांनी.

(एदुविहेस पेटी हातगाडीवर घालून निघून जाते. यामिल्का फाटक लावते.)

यामिल्का : राखेत सापडला तो खिळा अजून तुमच्या हत्यारांच्या डब्यात आहे. दोन्ही तारा त्याला वितळून चिकटल्यात. तिला नुसता दाखवला असता तरी पुरे होतं.

फेर्मीन : मग काय झालं असतं?

यामिल्का : गावानं तुम्हाला पोरखाऊ म्हणायचं थांबवलं असतं. आईच्या मयताला चार माणसं आली असती. मला जरा ताठ मानेनं बाजारात जाता आलं असतं.

फेर्मीन : आणि ती?

यामिल्का : तिचं मला माहीत नाही.

फेर्मीन : मला माहीत आहे. तिच्या अंगणात विहीर आहे.

यामिल्का : मग आज कबूल कशाला केलंत? न केलेलं?

फेर्मीन : केलेलंच आहे. दिव्याच्या बुडाशी तारा मी उघड्या ठेवल्या होत्या. इथली प्रत्येक बाई खिळा ठेवते, हे मला ठाऊक असताना. माझी आईही ठेवायची.

यामिल्का : बाबा...

फेर्मीन : पाणी दोन-तीन तासांत निवेल. एवढं जड पातेलं तिला उचलवायचं नाही. तू जा. मला ती दारात उभं करणार नाही.