फोनमागचं चुंबक

पनवेल एसटी स्टँडवर उरणच्या गाडीच्या रांगेत करंजा गावची गुणाबाई कोळीण मासळीची रिकामी पाटी घेऊन उभी होती. पुढे पीएचडी करणारी रुमाना आणि तिच्या लॅबमधला सीनियर शाहीद कधीचे भांडत होते.

"चार महिने सगळ्या लाटा एकाच ठिपक्यात गोळा होत होत्या, शाहीदभाई. गुरुवारीच ठिपका कसा सरकला?"

"सर म्हणतात, नवीन शोध आहे."

"शोध कसला? सरांचा फोन प्रयोगाच्या टेबलावर होता. त्याच्या कव्हरला चुंबक आहे. मी फोन उचलला आणि ठिपका परत जागेवर आला."

"ते लिहू नकोस. पेपरवर तुझंच नाव पहिलं आहे."

"म्हणजे खोटं मी बोलायचं."

"कसल्या लाटा गो, पोरी?" गुणाबाईला राहवेना.

"चुंबकाच्या पातळ थरातल्या, मावशी. स्पिन-वेव्ह म्हणतात. जवळ दुसरं चुंबक आलं की वळतात."

"फोन उचलल्यावर ठिपका जागेवर आला, ता त्या सरानं बगितला?"

"बघितलं. ह्या शाहीदभाईंनीही बघितलं."

"मावशी, तुम्हाला नाही कळायचं ते," शाहीद म्हणाला.

गुणाबाईने पाटी उचलून दोघांच्या मधे ठेवली आणि स्वतः रुमानाच्या मागे जाऊन उभी राहिली.

"तू मागं रव, बाबा. आमी दोघी फुडं."